वकीलकाकांचं सिनेट

आमच्या कॉलेजात गेल्या महिन्यात अमेरिकेची राज्यघटना शिकवायला घेतली. सरांनी फळ्यावर तीन चौकोन काढले. एकात कायदे करणारे, दुसऱ्यात कायदे राबवणारे, तिसऱ्यात न्याय देणारे. मग चौकोनाचौकोनांत बाण काढून म्हणाले, कुणा एकाच्या हातात सगळं जाऊ नये म्हणून ही रचना आहे. मुलं भराभर उतरवून घेत होती. मी वही उघडली नाही. हे तिन्ही चौकोन मला जुन्या जालन्यातल्या एका माळवदाच्या घरात, ओसरीवर बसून कधीच पाठ झाले होते.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. वडील दवाखान्यात कंपाउंडर, आईला सही येत नाही. मला इंग्रजी शिकवलं ते शेजारच्या वकीलकाकांनी, आणि त्याबद्दल आमच्याकडून कधी काही घेतलं नाही. त्यांच्याविषयी मी जे लिहिणार आहे ते कृतघ्नपणाचं आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण खोटं लिहायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं.

वकीलकाका उंच आणि किडकिडीत होते. चालताना हात मागे बांधलेले, मान किंचित पुढे. कोर्टात जाताना काळी शेरवानी, घरात धोतर, आणि सभेच्या दिवशी धोतरावर अल्पाकाचा कोट. आवाज त्यांनी कधी चढवल्याचं मला आठवत नाही. मुलांवर हातही कधी उगारला नाही. गल्लीतल्या बायका काकूंना म्हणायच्या, तुम्ही नशीबवान, तुमच्या घरात आरडाओरडा नाही. काकू त्यावर पदर नीट करायच्या.

घरात कुणी काहीही मागितलं की त्यांचा एकच प्रश्न असे. "कोणत्या कलमानुसार?"

हे कलमांचं वेड कुठून आलं ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मिशनमधले एक गोरे साहेब देश सोडून परत निघाले तेव्हा त्यांनी घरातलं सामान विकायला काढलं. काकांनी तिथून एक लोखंडी खुर्ची आणि अमेरिकेच्या राज्यकारभारावरचं एक जाड पुस्तक आणलं. तो काळ असा होता की हैदराबाद संस्थानात चार माणसं जमवून बोलायचं तर आधी परवानगी काढावी लागे. निवडणूक म्हणजे काय हे आम्ही ऐकूनच होतो. कोर्टात काका शिरस्तेदारासमोरही वाकून सलाम करत. एकदा एका अंमलदाराच्या मुलासाठी, तो पंधरा वर्षांचा असेल, ते खुर्ची सोडून उभे राहिले होते. हे मी माझ्या वडिलांकडून ऐकलं. त्या पुस्तकातली माणसं मात्र राजाला नाही म्हणून मोकळी झाली होती. काकांनी ते पुस्तक चार वेळा वाचलं आणि त्यावरून स्वतःच्या घराची घटना लिहिली. सात पानं, बारीक मराठी अक्षर.

त्या घटनेप्रमाणे काका घराचे सदर, म्हणजे अध्यक्ष. घरातले सज्ञान पुरुष म्हणजे सिनेट. त्यात काकांचे धाकटे भाऊ अण्णा, मोठा मुलगा वसंतदादा आणि धाकटा मधुदादा, असे तिघे. न्यायालयाची जागा रिकामी होती. योग्य माणूस मिळेपर्यंत ते काम सदरच बघत. सभा दर शुक्रवारी सकाळी नऊला भरे, कारण तेव्हा कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारची असायची. माझी इंग्रजीची शिकवणी आठ ते नऊ. पहिल्या दिवशी मी उठायला लागले तेव्हा काका म्हणाले, "बस. अमेरिकेत काही मुलूख असे असतात की ते अजून राज्य झालेले नसतात. त्यांचा माणूस सभेत बसतो, बोलतो. मत तेवढं नसतं. तू टेरिटरी."

तेव्हापासून ते मला टेरिटरीच म्हणत. प्रत्येक विषयाच्या शेवटी, मत घेण्याआधी, माझ्याकडे वळून विचारत, टेरिटरीला काही म्हणायचं आहे का. मी दरवेळी मान हलवून नाही म्हणे. मला ते फार मानाचं वाटायचं. आमच्या घरात मला कुणी काही विचारत नसे.

मधुदादा, तो तेव्हा वीसेक वर्षांचा असेल, माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, "शांते, आपल्याकडं बघ कसं हाय. बाहेर सलाम अन् घरात सिनेट."

काकांना ढोंगी म्हणता येणार नाही. स्वतःच्या विरुद्ध गेलेला कायदाही ते पाळत. मधुदादाने रस्त्यावरचं एक लंगडं कुत्रं घरात आणलं. काकांना कुत्र्याची किळस होती. सिनेटने ठराव केला, काकांनी तो नामंजूर करून परत पाठवला. सिनेटने दोन तृतीयांशाहून जास्त मतांनी तो पुन्हा मंजूर केला. म्हणजे सदराचा नकार मोडला गेला. काकांचा चेहरा त्या दिवशी अगदी खुलला होता. "बराबर. हीच तर खुबी," ते म्हणाले. मग रोज संध्याकाळी ते स्वतः त्या कुत्र्यासमोर भाकरी ठेवत, नाकावर उपरणं धरून. कुत्र्याला त्यांनी कधी हात लावला नाही आणि भाकरी कधी चुकवली नाही.

पण तेच काका अण्णांशी जे वागले ते मला विसरता येत नाही. अण्णा विधुर, दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरे. कोठीच्या खोलीची किल्ली तीस वर्षं त्यांच्या जानव्याला बांधलेली असे. घरात त्यांना तेवढंच काम आणि तेवढाच मान. एकदा त्यांच्या उपरण्याच्या गाठीत गुळाचा खडा सापडला. काकांनी महाभियोग लावला. आरोप वाचला गेला, तो अण्णांना ऐकू आला नाही. ते आपले हसऱ्या तोंडाने सगळ्यांकडे बघत होते. दोन्ही पुतण्यांना प्रश्न विचारला गेला, गूळ होता की नव्हता. होता, म्हणून त्यांनी होता म्हणून सांगितलं. काकांनी स्वतः उठून जानव्याची किल्ली सोडवली तेव्हा अण्णांना कळलं.

"दादा, गुळाचाच खडा होता की रं," अण्णा म्हणाले.

काकांनी त्यांना कानाशी तोंड नेऊन समजावलं की या गुन्ह्याला पदावरून काढण्यापलीकडे शिक्षा करता येत नाही, घटनेनं तसा हात बांधला आहे, हे भाग्य समजा. त्यानंतर कितीतरी महिने अण्णांचा हात बोलता बोलता जानव्याकडे जाई आणि रिकामा परत येई.

काकूंची गोष्ट याहून साधी आहे. अंबडला त्यांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. सिनेटने काकूंना जाऊ द्यावं असा ठराव केला आणि सहीसाठी काकांकडे पाठवला. घटनेप्रमाणे सदराला दहा दिवसांची मुदत. सही केली तर कायदा झाला, नकार दिला तर ठराव परत. आणि दहा दिवस नुसता ठेवला तर तो सहीवाचून आपोआप कायदा होतो. लग्न नवव्या दिवशी होतं. काकांनी ठराव घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. काकूंनी एक-दोनदा आठवण केली, तर म्हणाले, विचाराधीन आहे. नववा दिवस गेला. अकराव्या दिवशी सकाळी काकांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, "तुमचा ठराव आपोआप मंजूर झाला आहे. आता तुम्ही जाऊ शकता."

काकू गेल्या. मला वाटलं होतं जाणार नाहीत. पण त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, डोक्यात फूल घातलं आणि मांडव उतरलेल्या घरी जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत आल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "बुंदी ऱ्हायली व्हती थोडी. खाऊन आले."

काकांनी तो ठराव का अडवला, हे मी त्यांना एकदा भीतभीत विचारलं होतं. ते खरोखर आश्चर्याने माझ्याकडे बघत राहिले. मी अडवला कुठे, ते म्हणाले, मी माझी मुदत वापरली.

तारावहिनी त्या घरात आल्या तेव्हा हे सगळं असं चालू होतं. वसंतदादाची बायको. माहेर देऊळगाव राजाचं, जालन्यापासून बैलगाडीने दिवसभराची वाट, पण संस्थानाच्या हद्दीपलीकडे, वऱ्हाडात. त्यांची आई त्या गावची सुईण होती. निम्मं गाव आपल्या आईच्या हातावर जन्मलं, असं वहिनी सांगायच्या. वहिनींना लिहावाचायला येत होतं, आणि बोलायला भीत नसत. लग्नानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी त्यांनी दाराआडून विचारलं, "मामंजी, मी सज्ञान हाय. मला मत हाय का न्हाई?"

काकांना प्रश्न आवडला. त्यांनी पुस्तक उघडलं आणि त्यांना, खरं तर आम्हा सगळ्यांना, समजावून सांगितलं. अमेरिकेची घटना लिहिताना दक्षिणेकडच्या राज्यांत लाखो गुलाम होते. मोजणीत त्यांना धरायचं की नाही यावर तंटा झाला. धरलं तर दक्षिणेचं वजन वाढतं, न धरलं तर दक्षिण सोबत येत नाही. शेवटी तडजोड झाली की एक गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस धरायचा. मत गुलामाला नाही. त्याच्या नावाचं वजन मालकाच्या पारड्यात.

"आपल्याकडे स्त्रियांना तोच न्याय," काका म्हणाले. "तुमचे तीन पंचमांश वसंतरावांच्या मतात धरले जातील. तुमच्या सासूबाईंचे माझ्यात. मी सदर, मला सिनेटात मत नाही, म्हणून त्यांचे वापरात येत नाहीत."

वहिनी म्हणाल्या, "मंग बाकीचे दोन पंचमांश कुठं जातात?"

"कुठंच जात नाहीत. ते मोजत नाहीत."

आत काकू चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "ये आत. मला तर वाटलं व्हतं आपलं काईच धरीत न्हाईत."

आम्ही सगळे हसलो. वहिनीही हसल्या. मीही हसले, हे मला लिहिलंच पाहिजे.

मग देश स्वतंत्र झाला, पण आम्ही नाही. संस्थान वेगळं राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात गावात हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. लोक बायकामुलांना हद्दीपलीकडे पोहोचवायला लागले. रोज सकाळी गल्लीत एखाद्या घराला कुलूप दिसे. पावसाळ्यात वहिनींना सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा आपल्याकडे रिवाजच आहे, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. शिवाय माझ्या वडिलांनी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना आणून दाखवलं, तर त्या म्हणाल्या मूल आडवं आहे, जाणतं माणूस जवळ पाहिजे. देऊळगावहून वहिनींच्या आईचा निरोप आला की गाडी हद्दीपर्यंत पाठवते, पोरीला तेवढं तिथवर आणून सोडा.

वहिनींना फक्त जायचं होतं. त्या महिन्यात त्या दुसरं काही बोलतच नव्हत्या. आईच्या हातांविषयी बोलायच्या. आईचे हात गरम असतात, म्हणायच्या, पोटावर ठेवले की मूल आपलं आपण वळतं.

काकांनी विषय सिनेटापुढे ठेवला. आदल्या दिवशी दुपारी, काका कोर्टात असताना, वहिनींनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या हातात ते जाड पुस्तक होतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. म्हणाल्या, "शांते, मामंजी सारखी पुढचीच पानं वाचतात. मागं काय हाय ते बघ." मी मागची पानं वाचली. तिथे घटनेतल्या दुरुस्त्या होत्या. गुलामगिरी बंद झाल्याची दुरुस्ती होती. तिच्याच पुढे, दुसऱ्या एका दुरुस्तीत, लिहिलं होतं की यापुढे प्रत्येक राज्यातली माणसं मोजताना पूर्ण माणसं मोजायची. मी वहिनींना मराठीत सांगितलं. "पूर्ण माणूस म्हंजे माझं मत माझ्याच हातात," त्या म्हणाल्या. त्यांनी ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि कागद परत माझ्याच हातात दिला. "तुला बोलता येतं तिथं," त्या म्हणाल्या. "मला न्हाई येत. तू वाच."

शुक्रवारी सभा भरली. काकांनी आधीच सांगितलं की हा साधा ठराव नाही. देऊळगाव राजा आता दुसऱ्या राष्ट्रात आहे. परराष्ट्राशी करार करायचा तर दोन तृतीयांश सिनेट अनुकूल लागतं.

"माहेरी जायला करार?" मधुदादा म्हणाला. "आबा, गाडीत बसायचं अन् जायचं. ह्याच्यात कोणतं राष्ट्र आलं?"

"हद्द आहे की नाही?"

"हाय."

"मग करार आहे."

अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन विषय सांगितला गेला. ते वैतागले. "पोरगी माहेरला चालली, त्याच्यात इचारायचं काय? जाऊ द्या की जल्दी." त्यांचं मत अनुकूल धरलं गेलं. मधुदादाचं अनुकूल. राहिला वसंतदादा. तो तहसील कचेरीत कारकून होता. कचेरीत कोणी घरची माणसं हद्दीपार पाठवली त्यांची यादी होत होती. त्याच्या शेजारच्या मेजावरच्या माणसाला घरी बसवलं होतं. वसंतदादा सतरंजीचा दोरा उपसत बसला होता.

"वसंतराव?"

"नको," तो म्हणाला. "आत्ताच नको. थोडं निवळू द्या."

काकांनी पाटी घेतली. मला अजून तो खडूचा आवाज ऐकू येतो. अनुकूल दोन. प्रतिकूल वसंतराव एक, अधिक त्यांच्या पत्नीचे तीन पंचमांश. एकूण वजन तीन पूर्णांक तीन पंचमांश. त्याचे दोन तृतीयांश, दोन पूर्णांक दोन पंचमांश. अनुकूल मतं त्यापेक्षा कमी.

मी गणितात बरी होते. मला ते पाटीवर उतरायच्या आतच दिसलं. वहिनींना कुणी मोजलंच नसतं, तर तिघांत दोन मतं, म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. त्या गेल्या असत्या. त्यांना अडवत होतं ते त्यांचंच वजन.

वहिनींनाही ते दिसलं असावं. त्या पहिल्यांदाच दाराआडून ओसरीवर आल्या. पोट सांभाळत, चौकटीला धरून. "मामंजी, मला मोजूच नका. माझे ते तीन पंचमांश सोडून द्या. माझी काही तक्रार न्हाई."

काका विचारात पडले. मला वाटलं, आता ते हो म्हणतील.

"नाही, बेटा," ते म्हणाले, आणि आवाज अतिशय मऊ होता. "जिवंत माणसाला मोजणीतून काढता येत नाही. तो तुमचा मान आहे. तो तुम्हालाही सोडता येणार नाही."

मग ते माझ्याकडे वळले. "टेरिटरीला काही म्हणायचं आहे?"

कागद माझ्या मुठीत होता. घामाने भिजला होता. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. पुढच्या महिन्यात माझ्या मॅट्रिकच्या अर्जाला काकांची शिफारस लागणार होती. माझ्या वडिलांनी सकाळीच सांगितलं होतं, मोठ्यांच्या घरात आपण बोलायचं नसतं. मी मान हलवली.

ठराव फेटाळला गेला.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन काकांकडे गेले. त्यांनी तो वाचलाही नाही. म्हणाले, मला ती दुरुस्ती माहीत आहे. मी म्हटलं, मग आपल्या घटनेत का नाही. ते शांतपणे म्हणाले, "त्या दुरुस्तीआधी त्यांच्याकडे चार वर्षं भावाभावांत लढाई झाली. आपल्याकडे कुठे झाली?" मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि काल तुला वेळ दिला होता."

विषय पुढच्या शुक्रवारी पुन्हा आणता आला असता. मधुदादाने तेवढी वाट न बघता परस्पर गाडी ठरवायचा प्रयत्न केला. चार गाडीवाल्यांकडे गेला. तोवर हद्दीवरचा रस्ता बंद झाला होता आणि कुणी जायला तयार नव्हतं. तो परत आला तेव्हा वहिनी दारात गाठोडं घेऊन उभ्या होत्या. त्याने नुसती मान हलवली. वहिनींनी गाठोडं आत नेऊन सोडलं आणि त्यातल्या बाळाच्या टोप्या पुन्हा धुवायला काढल्या. वसंतदादा त्या वेळी घरातच होता.

सप्टेंबरात, पोलीस ॲक्शन सुरू झाली त्याच दिवशी सकाळी वहिनींना कळा लागल्या. गाव बंद. दारं बंद. डॉक्टरीणबाई कुंडलिकेच्या पलीकडे राहायच्या, आणि नदी ओलांडून जायची कुणाची छाती नव्हती. मधुदादा दोनदा गेला आणि दोनदा पुलापासून परत आणला गेला. माझे वडील भिंतीवरून उतरून गेले. ते कंपाउंडर, औषधं कालवणारे. त्यांनी जे येत होतं ते केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत भिंतीवरून इकडे आले आणि नळकोंडाळ्यापाशी बसून कोपरापर्यंत हात धूत राहिले. आईने विचारलं, तेव्हा म्हणाले, दोघंही.

मी काकांना त्या दिवशी पाहिलं नाही. आई सांगते, ते ओसरीवर लोखंडी खुर्चीत सरळ बसून होते आणि आतून आवाज यायचा थांबला तेव्हा उठून आत गेले, सुनेच्या पायांवर पांघरूण सारखं केलं आणि पुन्हा येऊन बसले.

चौथ्या दिवशी रस्ते उघडले. हद्द राहिली नाही. देऊळगावहून गाडी थेट गल्लीच्या तोंडापर्यंत आली, कुणी अडवलं नाही. वहिनींच्या आई उतरल्या. त्यांच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता. त्यांना कुणी कळवलं नव्हतं, कारण कळवायला माणूस जाईपर्यंत त्याच निघाल्या होत्या. काकू पुढे झाल्या आणि त्यांनी डबा हातात घेतला. बराच वेळ दोघी रस्त्यातच तो डबा धरून उभ्या होत्या.

तेरावा झाल्यावरच्या सभेला काकांनी मलाही बोलावलं. त्यांनी अल्पाकाचा कोट घातला होता. दाढी वाढलेली होती, गाल आत गेले होते. त्यांनी दुखवट्याचा ठराव वाचला. वाचताना अडखळले नाहीत. मग कागद उलटून म्हणाले, "आता मतांचं वजन. वसंतराव यापुढे एक. एकूण तीन. दोन तृतीयांश म्हणजे दोन."

वसंतदादा उठला, चपला न घालताच बाहेर पडला, आणि त्या घरात पुन्हा राहायला आला नाही. परभणीला बदली मागून घेतली, असं नंतर कळलं. मधुदादाने आठवडाभरात आपली पेटी उचलली. जाताना कुत्र्याला सोबत नेलं. काकांकडे वळून त्याने एवढंच विचारलं, "आबा, तुम्ही आपल्या मनानं तिला जाऊ द्या म्हनलं असतं, तर तुमच्या पुस्तकाचं काय बिघडलं असतं?" काकांनी उत्तर दिलं की पुस्तकात कुणाच्या मनाचं लिहिलेलं नसतं. अण्णा त्या हिवाळ्यात वारले.

माझा मॅट्रिकचा निकाल लागला. काकांनी शिफारस लिहिली होती, फार चांगली. तिच्यात मी स्पष्टवक्ती आहे असं लिहिलं होतं.

कॉलेजसाठी निघाले त्या दिवशी रविवार होता. सुट्टी आता शुक्रवारची राहिली नव्हती, रविवारची झाली होती. वडील टांगा आणायला गेले आणि मी नमस्कार करायला शेजारी गेले. ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती. काका लोखंडी खुर्चीत, कोट घालून, समोर पाटी. आत काकूंच्या भांड्यांचा आवाज. दुसरं कुणी नव्हतं. काकांनी खिशातलं घड्याळ काढून हातात धरलं होतं. मला बघून म्हणाले, गणपूर्ती होत नाही. दर रविवारी अर्धा तास वाट बघतो आणि तहकूब करतो.

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मला तेव्हाच निघता आलं असतं.

"काका," मी म्हटलं, "तारावहिनींना जाऊ द्यायला पाहिजे होतं. मला त्या दिवशी हे म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही."

आत भांड्यांचा आवाज थांबला. काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे लाल झाले होते, किंवा मला तसं वाटलं, नक्की सांगता येत नाही. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग घड्याळाकडे बघितलं.

"सभा अजून सुरू झालेली नाही," ते म्हणाले. "हे धरता येणार नाही." आणि थोडं थांबून, अगदी हळू, "आठ मिनिटं आहेत. थांबतेस?"

बाहेर टांगा आला होता.